गटारसफाईच्या प्रश्नावर जलसा उभा करताना

गाणं लिहायला बसण्याआधी मागणी लिहून काढा. एका ओळीत, कर्ता आणि क्रियापद धरून: कोणी, काय, कधीपर्यंत करायचं. ‘सफाई कामगारांना न्याय मिळाला पाहिजे’ ही मागणी होत नाही, कारण ती ऐकून उद्या सकाळी कोणालाच काही करावं लागत नाही. ‘पालिकेने आमच्या प्रभागातल्या सगळ्या चेंबरना जेटिंग-सक्शनची गाडी लावावी, माणूस आत उतरवू नये’ ही मागणी होते (ही गाडी पाण्याच्या झोताने गाळ सोडवून ओढून घेते). तिला नाही म्हणता येतं, हो म्हणता येतं आणि महिन्याभराने ‘काय झालं?’ असं विचारता येतं. जलशातली, म्हणजे मागणीसाठी उभ्या केलेल्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमातली, प्रत्येक निवड, मग ती चाल, पट्टी, वाद्यं असोत की कडव्यांचा क्रम, याच कसोटीवर करायची: शेवटच्या रांगेतल्या बाईला ही ओळ दुसऱ्या दिवशी तुमच्याशिवाय म्हणता येईल का?

इथे उदाहरणासाठी गटारात उतरून होणारे मृत्यू हा विषय घेतला आहे. पाणी, रेशन किंवा वनहक्काच्या दाव्यासाठी पद्धत हीच राहते, तपशील बदलतात.

आधी माहिती पक्की करा

शाहिराची चूक सफाईचा ठेकेदार लगेच पकडतो आणि मग सगळा कार्यक्रम खोटा ठरतो. म्हणून कायदा नीट वाचा. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी आणि पुनर्वसन यासाठीचा कायदा २०१३ सालचा आहे. त्याचं कलम ७ गटार किंवा सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला मनाई करतं. कलम ९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख झाली. अजूनही अनेक पथनाट्यांत जुना १० लाखांचाच आकडा म्हटला जातो. घरच्यांनी तो ऐकून तेवढ्यावर समाधान मानलं तर २० लाखांचं नुकसान तुमच्या गाण्याने केलं.

वायूबद्दलही बारकाईने बोला. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि ‘वायू गेला’ असा समज होतो. पहिला कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बतावणीला, म्हणजे जलशातल्या विनोदी संवादाला, याहून मोठं कथानक शोधायची गरज नाही.

पालुपद

पालुपद म्हणजे चालीत बसवलेली मागणी. ते चार आवर्तनांत संपावं आणि त्यात एकही जोडाक्षरी सरकारी शब्द नसावा. नमुना:

झाकण उघडा, माणूस नको, मशीन लावा जी!

मात्रा मोजा. ‘झाकण उघडा’ आठ, ‘माणूस नको’ आठ, ‘मशीन लावा’ आठ, ‘जी’ दोन आणि सहा मात्रांची जागा मोकळी. आठ मात्रांच्या केहरवा तालाची चार आवर्तनं पुरी. ती शेवटची मोकळी जागा मुद्दाम ठेवायची, कारण तिथेच लोक श्वास घेतात आणि टाळी पडते. नवशिके कवी ही जागा आणखी एका विशेषणाने भरून टाकतात, मग श्रोते पालुपद उचलतच नाहीत.

आता कडवं. पहिल्या खर्ड्यात सहज सुचेल अशी ओळ अशी:

ना मास्क दिला, ना दोर दिला
काठावरुनी म्हणतो ‘उतरा’

मात्रांत बसते, म्हणायला सोपी आहे, आणि तरी काढून टाकायला हवी. पालुपद म्हणतं माणूसच नको, आणि कडवं तक्रार करतं मास्क दिला नाही याची. समोर बसलेला स्वच्छता निरीक्षक उठून सांगेल, ‘मास्क देतो की आम्ही.’ लोक माना डोलावतील आणि मागणी तिथेच विरघळेल. त्याऐवजी:

मास्क कापडी, दोर सुताचा
वायूपुढती पाड कुणाचा?
कागद म्हणतो बंदी आहे
कागद सायबाच्या बंडीत आहे

चौथी ओळ चार मात्रांनी जास्त भरते. ‘सायबाच्या’ चटकन म्हणायचं, ‘बंडीत’मधला ‘डी’ ऱ्हस्व करायचा, की ओळ बसते. शाहिरीत अशी ओढाताण चालते, पण कडव्यात एकदाच. प्रत्येक ओळीत ओढावं लागत असेल तर पुन्हा लिहा.

कडवी चारच ठेवा. पहिल्यात काय घडतं, दुसऱ्यात कायदा काय म्हणतो, तिसऱ्यात आडवं कोण येतं, चौथं कोरं. या चौथ्याकडे शेवटी येऊ.

चाल

सिनेमाच्या गाण्याची चाल पटकन बसते, पण तिच्याबरोबर मूळ शब्दही येतात. लोक तुमच्या ओळीच्या जागी मनात हिरोची ओळ म्हणत असतात. शिवाय व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की कॉपीराइटचा दावा लागतो, आवाज बंद होतो. गावोगाव चालत आलेल्या लोकचाली, म्हणजे भारूड, गोंधळ, वासुदेव, पोवाडा किंवा भलरी, वापरायला मोकळ्या आहेत. मात्र त्यांचं एखाद्या कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं, म्हणून पार्श्वसंगीताची तयार फाइल घेऊ नका.

दुसऱ्याचे शब्द घ्यायचे असतील तर तारीख पाहा. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क चालतो. जोतीराव फुल्यांच्या ‘अखंड’ या पद्यरचना कधीच मोकळ्या झाल्या आहेत. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची गीतं २०२९ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली आहेत. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांची २०६४ पर्यंत. तिकीट न लावता हौशी मंडळाने केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती प्रयोगापुरती, इंटरनेटवर टाकण्याला ती लागू होत नाही.

कोणती चाल कशाला? पोवाड्यात घटना सांगायला जागा असते आणि मागून साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांच्या ‘जी जी’मुळे शाहिराला दम घेता येतो. पण श्रोते पोवाडा ऐकतात, म्हणत नाहीत. म्हणून घटनेसाठी पोवाडा आणि मागणीसाठी केहरव्यातलं टाळीचं गाणं, असे दोन वेगळे तुकडे ठेवा. बायकांची बैठक असेल तर दोन्ही बाजूला ठेवून ओवी घ्या. तिला वाद्य लागत नाही, माइक लागत नाही, एकीने म्हटली की दुसरी तिची ओवी जोडते. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत, आणि त्यांत बाबासाहेबांवरच्या, जातीवरच्या, सासुरवासावरच्या ओव्या भरपूर आहेत. बायकांना हे नव्याने शिकवायला जायचं नसतं. पहिली ओवी टाकून गप्प बसायचं असतं.

पट्टीचा घोळ बहुतेक पथकं करतात. शाहीर आपल्या गळ्याला सोयीची उंच पट्टी धरतो, त्याचा आवाज खणखणीत लागतो आणि बाकी सगळी वस्ती गप्प राहते. मिश्र जमावासाठी पेटीवरच्या काळी १ किंवा पांढरी २ ला ‘सा’ धरा आणि पालुपद मंद्र पंचमापासून (खालचा ‘प’) मध्य धैवतापर्यंत (मधला ‘ध’) ठेवा. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, दोघांनाही पेलतं. तार षड्जाची झेप घ्यायचीच तर ती शाहिराच्या कडव्यात. पालुपदात मींड, मुरकी, ताना काही नको.

गण, बतावणी आणि क्रम

तमाशाचा साचा गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असा. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झाला आणि पुढे निघालेल्या सत्यशोधकी जलशांनी हाच साचा घेऊन आतला ऐवज बदलला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाला, म्हणजे फुल्यांच्या शब्दांत सृष्टिकर्त्याला, वंदन आलं. आंबेडकरी जलशांनी आणि नंतर कम्युनिस्ट शाहिरांच्या लाल बावटा कलापथकानेही तेच केलं. अण्णा भाऊंच्या लोकनाट्यात सुरुवातीचं वंदन मातृभूमीला आणि हुतात्म्यांना असे. साचा ठेवल्यामुळे गावातल्या माणसाला कळतं की आता काय येणार, आणि नेमकं त्याच जागी दुसरं आल्यावर तो सरसावून बसतो. ही युक्ती आजही चालते, फक्त ज्या वस्तीत तमाशा कोणी पाहिलेलाच नाही तिथे ती वाया जाते. शहरातल्या तरुण पोरांसमोर गण दोन मिनिटांत आटपा किंवा सरळ बतावणीने उघडा.

एकूण वेळ चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. गण तीन, मागणीचं गाणं पाच, बतावणी दहा, पोवाडा बारा, मग थांबून बोलणं पाच, शेवटी पुन्हा मागणीचं गाणं. ते पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा आणि अखेरीस एकदा येतं, म्हणजे उशिरा आलेल्यांनाही मिळतं. बतावणीत सोंगाड्या नेहमी ठेकेदाराच्या बाजूने बोलावा. ‘अहो, ह्यांचं हे पिढीजात काम, ह्यांना वास येत न्हाई’ असं त्याने म्हणायचं आणि सरदाराने, म्हणजे त्याच्यासमोरच्या प्रमुख पात्राने, एकच साधा प्रश्न विचारायचा: ‘मग तुमच्या पोराला धाडता का आज?’ यानंतर लगेच तिसरं वाक्य टाकू नका. हशा पडेल, मग तो थांबेल. तो पूर्ण थांबेपर्यंत गप्प राहा.

पथक आणि वाद्यं

सात माणसं पुरतात: शाहीर, दोन झीलकरी, ढोलकी, डफ, सोंगाड्या, आणि सातवा न गाणारा. हा सातवा गर्दीत उभा राहतो, कागद वाटतो, पोलीस आले तर परवानगीचा कागद घेऊन बोलतो. त्याला गायला लावलं की गडबड होते. तालमी संध्याकाळी सात ते नऊ अशाच ठेवा आणि परतीच्या गाडीची सोय आधी ठरवा. त्याशिवाय पथकात बायका टिकत नाहीत, आणि मग दोष त्यांच्या ‘आवडी’ला दिला जातो.

तुणतुणं षड्जाला लावा, ढोलकीची शाईची पुडी त्याच षड्जाला, आणि हार्मोनियम घरी ठेवा. मोकळ्या चौकात तिचा उपयोग थोडा आणि ओझं फार. डफाचं कातडं दमट हवेत सैल पडतं आणि आवाज बसतो. प्रयोगाआधी कागद किंवा वाळलं गवत पेटवून हातभर अंतरावरून डफ फिरवत शेकायचा, एका जागी धरला तर कातडं करपून तडकतं. पावसाळ्यात कृत्रिम पुडीचा डफ जवळ असू द्या, त्याचा आवाज पत्र्यासारखा येतो पण शेवटपर्यंत टिकतो. ढोलकी नटबोल्टची असेल तर पाना खिशात ठेवा.

हलगीबद्दल एक सांभाळायचं. ती वाजवणं ही काही जातींवर लादलेली गावकी होती आणि ती टाकून देणं हा अनेक वस्त्यांच्या इतिहासाचा भाग आहे. ‘आपलं पारंपरिक वाद्य’ म्हणून बाहेरच्या पथकाने ती कोणाच्या हातात कोंबू नये. कोणी स्वतःहून अभिमानाने वाजवत असेल तर गोष्ट वेगळी. संबळाचंही असंच, काही घरांत तो देवीचा आहे. विचारून घ्या.

आवाज आणि जागा

साठ-सत्तर माणसांपर्यंत माइक नकोच. पाठीशी भिंत घ्या, लोक अर्धवर्तुळात जवळ बसवा, वारा पाठीवरून लोकांकडे जाऊ द्या. रस्त्याकडे तोंड करून गाऊ नका, शब्द रहदारीत जातात. दोनशेपर्यंत दोन स्पीकर आणि सहा चॅनेलचा मिक्सर पुरे. स्पीकर गायकांच्या पुढे, दोन्ही टोकांना. मागे ठेवले की शिट्टी मारतात. शाहिराचा माइक ओठांपासून चार बोटं, झीलकऱ्यांना दोघांत एक, ढोलकीला एक हात लांब. डफाला माइक लावू नये, तो सगळे शब्द खातो. आवाजाची चाचणी करणाऱ्याने मिक्सरपाशी न थांबता शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन ‘मशीन’ आणि ‘लावा’ हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात का ते पाहावं.

परवानगी

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद आणि वाद्यंही बंद, त्यामुळे ‘आम्ही विनामाइक वाजवतोय’ हे उत्तर चालत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्यापुढे जाऊ नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तुम्हाला ६५ मिळतात. जवळ रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल तर ती जागा शांतता क्षेत्र आहे का ते विचारा. तिथे ढोल वाजवणंही कारवाईला पात्र ठरतं.

पोलीस ठाण्यात अर्ज आठ दिवस आधी द्या, दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर पोच घ्या. मैदान पालिकेचं असेल तर तिचा वेगळा अर्ज. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश चालू आहे का, हे त्याच वेळी विचारून ठेवा, कारण असे आदेश अनेक शहरांत अधूनमधून निघत असतात. वगासह संहिता नाट्यगृहात करायची तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागितलं जातं, त्याला वेळ लागतो.

गाण्यात व्यक्तीचं नाव घेऊ नका. ‘ठेकेदार’, ‘सायेब’, ‘सेक्रेटरी’ पुरेसं आहे आणि गावाला कळायचं ते कळतं. नाव घेतलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद होऊ शकते. मग तुमचं पथक तारखांना जातं आणि मूळ मागणी मागे पडते.

ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याशी

घरच्यांना गाणं आधी ऐकवा, घरात, वाद्यांशिवाय. त्यांनी एखादी ओळ काढा म्हटलं की ती निघते, चर्चा नाही. मृताचं नाव, फोटो, आडनाव त्यांनी मागितल्याशिवाय येऊ नये. विधवेला मंचावर बसवून रडवणारा कार्यक्रम गर्दी जमवतो खरा, पण दुसऱ्या दिवशी तिच्याच नातलगांना काम मिळणं बंद होतं. ती बोलायची असेल तर शेवटी, बसून, तिला हवं तेवढंच. गाणं कोणाच्या घटनेवर आहे हे न सांगताही मागणी तेवढीच धारदार राहते.

श्रोता बदलला की मागणीही बदलते. वस्तीत मागणी पालिकेकडे असते. गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात मात्र समोर बसलेले लोकच सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणारे असतात. तिथे पालिकेला शिव्या देणारं कडवं म्हणालात तर जोरदार टाळ्या मिळतील आणि पुढच्या महिन्यात त्याच सोसायटीत एखादा मजूर पाचशे रुपयांत टाकीत उतरेल. सोसायटीत तिसरं कडवं सेक्रेटरीवर घ्या आणि पोवाड्यानंतर सक्शनची गाडी मागवण्याचा पालिकेचा नंबर लिहिलेला कागद जिन्यात चिकटवा.

गाणं संपल्यावर

शेवटच्या पालुपदानंतर लोक पाच मिनिटं थांबतात, त्यापुढे नाही. टेबल आधीपासून मांडलेलं हवं. त्यावर माहिती अधिकाराचे छापील अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प आणि चार पेनं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून एकाच अर्जात सगळं कोंबू नका. एका अर्जात पालिकेकडे चालू स्थितीत किती सक्शन गाड्या आहेत, दुसऱ्यात गेल्या वर्षी सफाईचा ठेका कोणाला कोणत्या अटींवर दिला, तिसऱ्यात सुरक्षा साधनांवर खर्च किती. तिघांनी तीन अर्ज करायचे. कायदेशीर मदत हवी असेल त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक द्या. पथकातल्या कोणी वकिली सल्ला देऊ नये.

मोबाइलवर चित्रीकरण करणार असाल तर मागणीचं गाणं तेवढंच, दीड मिनिटाचं, आडवं न धरता उभं, आणि शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत. श्रोत्यांचे चेहरे टाळा, त्यांतले काही जण त्याच ठेकेदाराकडे रोजावर असतात.

माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मागे कोरं ठेवलेलं चौथं कडवं त्याच्यासाठी. गाड्या सहा आणि चालू दोन असं उत्तर आलं तर ते आकडे कडव्यात घाला. उत्तरच आलं नाही तर अर्जाची तारीख घाला. मग त्याच चौकात, त्याच पट्टीत, पुन्हा एकदा प्रयोग लावा. या वेळी पालुपद शाहिराने सुरू करू नये. डफावर आठ मात्रा वाजवून थांबावं आणि लोक स्वतःहून उचलतात का ते पाहावं. उचललं नाही तर पालुपदात काहीतरी जड आहे, बहुधा एखादा शब्द, क्वचित पट्टी. ते दुरुस्त करूनच पुढच्या प्रभागात जा.